अंधेरीतला आवाज क्लोन करून देणारा स्टुडिओ, एकांकिकेसाठी वापरला त्याचा रिव्ह्यू

नाटक, शॉर्टफिल्म, ऑडिओबुक असं काहीतरी करताय आणि त्यासाठी कुणाचा तरी आवाज क्लोन करून, म्हणजे मशीनकडून त्याची हुबेहूब नक्कल बनवून हवाय, तोही मराठीत, अशा लोकांसाठी हे लिहितेय, कारण आम्ही शोधत होतो तेव्हा मराठी आवाजाबद्दल कुणी काही लिहिलेलं सापडेना, जे होतं ते सगळं हिंदी नाहीतर इंग्रजीबद्दल. स्टुडिओ अंधेरी वेस्टला आहे. नाव टाकत नाहीये, कारण तिथल्या बऱ्याच गोष्टी आवडल्या आणि एक गोष्ट अजिबात पटली नाही, आणि ती न पटलेली गोष्ट आम्ही फोन केला त्या बाकीच्या ठिकाणीही तशीच होती, म्हणजे एकट्यालाच बोल लावण्यात अर्थ नाही.

आधी आम्हाला हे कशासाठी हवं होतं ते सांगते म्हणजे पुढचं नीट कळेल. आमचा परळ-लालबागचा ग्रुप आहे, नोकऱ्या सांभाळून एकांकिका करणारा, संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये तालमी. यंदाची एकांकिका मी लिहिलीय, वीसेक वर्षांनंतरच्या मुंबईत घडते. एक प्रचंड लोकप्रिय नटी जाते, पण प्रॉडक्शन कंपनीकडे तिचा क्लोन तयार असतो, त्यामुळे जाहिराती, सिनेमे, चाहत्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा सगळं चालूच राहतं आणि लोकांना काही फरकही पडत नाही, आणि मग एक दिवस तिची मुलगी त्या क्लोनसमोर येऊन बसते. नटीचं काम आमच्यातल्या सगळ्यात ज्येष्ठ कलाकार करतात, सगळे त्यांना मावशी म्हणतात म्हणून इथेही मावशीच लिहिते. सत्तरीला आल्यात, कामगार रंगभूमीपासून काम करतायत, आवाज असा की शेवटच्या रांगेपर्यंत माईकशिवाय जातो. फ्लॅशबॅकमध्ये मावशी स्वतः स्टेजवर, आणि क्लोन म्हणजे रिकामी खुर्ची, वरून एक लाईट आणि स्पीकरमधून येणारा मावशींचाच आवाज. दिग्दर्शिका म्हणत होती मावशींकडूनच रेकॉर्ड करून घेऊ, फुकटात होईल. मी अडून बसले, कारण क्लोनचं नाटक करायचं आणि क्लोनचा आवाज मात्र माणसाकडून करून घ्यायचा हे मला चालणार नव्हतं, प्रेक्षकाला कळायला हवं की जे तो ऐकतोय ते आजच, अंधेरीत, पैसे टाकून मिळतं.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ग्रुपमध्ये यावर खूप भांडणं झाली. अर्ध्या लोकांचं म्हणणं होतं क्लोन हाडामांसाचा दाखवा, स्टेजवर मजा येईल, मावशींसारखी दिसणारी दुसरी बाई आणू. पण हाडामांसाचा क्लोन म्हणजे तान्हं बाळ असतं हो! काचेच्या टाकीतून तीस वर्षांची बाई मेकअपसकट बाहेर येत नाही. डॉली मेंढी ५ जुलै १९९६ ला स्कॉटलंडच्या रॉझलिन इन्स्टिट्यूटमध्ये जन्मली ती कोकरू म्हणूनच, एका सहा वर्षांच्या मेंढीच्या आचळातल्या पेशीपासून, आणि २७७ बीजांडांवर प्रयोग केला तेव्हा ही एकटी जन्माला आली. पेशी आचळातली म्हणून तिचं नाव डॉली पार्टन या गायिकेवरून ठेवलं, म्हणजे जगातल्या सगळ्यात गाजलेल्या क्लोनला नाव मिळालं ते एका सेलिब्रिटीचं. आपल्याकडे कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत २००९ मध्ये म्हशीचा क्लोन केला, पहिली समरूपा काही दिवसांतच गेली, मग त्याच वर्षी गरिमा झाली. माणसाचं तर आपल्याकडे मार्गदर्शक तत्त्वांनुसार करायलाच मनाई आहे, आणि समजा कुणी केलंच तरी सुपरस्टारच्या जागी उभं करायला पंचवीस-तीस वर्षं थांबावं लागेल, तोपर्यंत तिकीट काढणारं पब्लिकच बदललेलं असेल.

आणि एवढं थांबूनही तीच बाई मिळेल याची गॅरंटी नाही. २००१ च्या डिसेंबरमध्ये टेक्सासमध्ये पहिली क्लोन केलेली मांजर जन्मली, तिचं नाव सीसी. जिच्यापासून केली ती तिरंगी होती, पांढरी-काळी-नारिंगी, आणि सीसीच्या अंगावर नारिंगीचा ठिपकासुद्धा नाही. कारण मांजरीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स क्रोमोसोम असतात, त्यातला एक गर्भातच बंद पडतो, कुठल्या पेशीत कुठला बंद पडेल ते नशिबावर, आणि एकदा बंद पडलेला तसाच राहतो. क्लोनसाठी जी एक पेशी घेतली तिच्यातला नारिंगी रंगाचा जीन असलेला एक्स बंद होता. जीन्स तेच, मांजर दुसरीच. बार्ब्रा स्ट्रायसँडने २०१८ मध्ये सांगितलं की आपल्या गेलेल्या कुत्रीच्या पेशींपासून तिने दोन पिल्लं करून घेतलीत, आणि तीच म्हणाली की दोघींचे स्वभाव वेगळे आहेत. एवढं सगळं वाचल्यावर मला खात्रीच पटली की नजीकच्या भविष्यात सेलिब्रिटीचा क्लोन आला तर तो शरीराच्या वाटेने येणार नाही, चेहरा आणि आवाजाच्या वाटेने येईल, कारण त्यांना लहानपण लागत नाही, एक हार्ड डिस्क पुरते.

तर स्टुडिओ. अंधेरी वेस्ट मेट्रोपासून रिक्षाने जवळ, जुन्या बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही, मावशींसारखं कुणी सोबत असेल तर लक्षात ठेवा. बूथ छोटं पण चांगलं, एसी बंद करून रेकॉर्ड करतात त्यामुळे मागे घरघर नाही, बाहेरचा हॉर्न आत येत नाही, अंधेरीत हे सोपं नाहीये. बसायला हेडफोनसकट दुसरी खोली आहे तिथून आम्ही ऐकत होतो. चहा स्वतःहून देतात. बूथ, रेकॉर्डिंग, मॉडेल (म्हणजे तो आवाज शिकलेला कॉम्प्युटर प्रोग्रॅम) बनवणं आणि पंधरा मिनिटांपर्यंतचा तयार ऑडिओ मिळून साडेनऊ हजार अधिक जीएसटी, पक्कं बिल. हौशी ग्रुपला हे महाग आहे, आम्ही वर्गणी काढली, पण जेवढा वेळ त्यांनी दिला त्या मानाने मला जास्त वाटलं नाही.

आता ती न पटलेली गोष्ट. रिसेप्शनला बसल्याबसल्या मालकांनी लॅपटॉप उघडून फोल्डर दाखवला, त्यात सगळे मोठे लोक, हिंदीतले, मराठीतले, गायक, नट, हयात असलेले, नसलेले. म्हणाले, "ताई, तुमच्या नाटकात फेमस नटी आहे ना, मग फेमसच आवाज घ्या की, पब्लिक पहिल्या वाक्याला टाळ्या देईल. मंडळवाले घेतात, बर्थडेवाले घेतात, दोन मिनिटांचं काम." मी विचारलं यांची परवानगी? तर म्हणे आम्ही नाव कुठे लिहितो, आम्ही फक्त 'तसा आवाज' देतो.

'तसा आवाज' म्हटल्याने सुटका होत नाही, हे मला इथे ठासून लिहायचंय. आपल्याच बॉम्बे हायकोर्टाने जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंगच्या प्रकरणात अंतरिम आदेश देताना म्हटलंय की कुठलाही आवाज परवानगीशिवाय सेलिब्रिटीच्या आवाजात बदलून देणारी एआय टूल्स लोकांना उपलब्ध करून देणं हाच त्या कलाकाराच्या व्यक्तिमत्त्व हक्कांचा, म्हणजे आपलं नाव, चेहरा, आवाज कुणी वापरायचा हे ठरवायच्या हक्काचा, भंग आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये आशा भोसल्यांनाही याच कोर्टाने असं संरक्षण दिलं. त्याआधी दिल्ली हायकोर्टात अमिताभ बच्चन २०२२ ला गेले, अनिल कपूर २०२३ ला, आणि अनिल कपूरना मिळालेल्या आदेशात नाव, चेहरा, आवाज यांच्यासोबत 'झकास' पण आहे. जॅकी श्रॉफ २०२४ ला 'भिडू'साठी सुद्धा गेले. म्हणजे या माणसांना स्वतःचा आवाज स्वतःकडे ठेवायला वकील लावावा लागतोय, आणि इथे तो फोल्डरमध्ये पडलाय, कुणीही यावं आणि काहीही वदवून घ्यावं.

मालक म्हणाले, मग मिमिक्रीवाल्यांना का नाही धरत, ऑर्केस्ट्रात किशोर-रफी गाणाऱ्यांना का नाही धरत? प्रश्न बरोबर आहे आणि मी त्यावर येताना-जाताना बराच विचार केला. मला वाटतं फरक असा आहे की ऑर्केस्ट्रातला माणूस स्वतःच्या गळ्याने गातो, घाम त्याचा असतो, समोरच्यांना माहीत असतं की हा कोण आहे, आणि तो घाणेरडं काही गायला सांगितलं तर नको म्हणू शकतो. ज्युनियर मेहमूदचं बघा, २०२३ मध्ये गेले ते. नईम सय्यद नावाचा मुंबईतला मुलगा, मेहमूदची नक्कल करायचा, आणि हे नाव त्याला खुद्द मेहमूदनेच दिलं. अस्सल माणसाने स्वतः हात धरून दिलेली नक्कल होती ती. फोल्डरमधल्या एकानेही असं काही दिलेलं नाही. आणि आम्ही विज्ञानकथेच्या वाटेने निघालेले लोक म्हणून मला इथे नारळीकरांची आठवण आली. त्यांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत गोष्ट पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने, आपल्या नावाचा परीक्षकांवर परिणाम नको म्हणून, आणि पहिलं बक्षीस मिळवलं. एवढा मोठा माणूस आपलं नाव काढून ठेवून कामाची परीक्षा द्यायला तयार होता. आम्हाला पहिल्या वाक्याला टाळ्या नकोत, एकांकिका पडली तर पडू दे, असं मी मालकांना सांगितलं, त्यांनी वाईट वाटून घेतलं नाही आणि लॅपटॉप बंद केला.

पुढचं काम त्यांच्या साउंडच्या मुलाकडे होतं आणि इथून सगळं बदललं. पंचविशीतला मुलगा, मूळचा साताऱ्याकडचा, मावशींना आधी मॅडम म्हणत होता, अर्ध्या तासात मावशी म्हणायला लागला. त्याने सगळं समजावून सांगितलं. मॉडेल बनवायला दोन रस्ते असतात, एक झटपट, त्यात मिनिटभराचा नमुना दिला की मशीन आधीच शिकलेल्या हजारो आवाजांमधून त्या नमुन्याच्या जवळचा आवाज जुळवतं, आणि दुसरा सावकाश, त्यात जास्त रेकॉर्डिंग देऊन मॉडेलला त्या एकाच माणसावर पुन्हा शिकवतात. आम्ही दुसरा घेतला. मावशींकडून त्याने नुसतं वाचून नाही घेतलं, हसवलं, चिडवलं, भाजीवाल्याशी घासाघीस करायला लावली, एक ओवी म्हणायला लावली, कुजबुजायला लावलं, म्हणाला सपाट वाचलेलं दिलं की क्लोन पण आयुष्यभर बातम्या देतो. मावशी दमल्या पण खूश होत्या.

आता मराठीचं. ज्यांना फक्त हेच वाचायचंय त्यांनी इथून वाचा. टाइप केलेला मजकूर मशीनकडून वाचून घेणं मराठीसाठी अजून कच्चं आहे, हिंदीचं वळण लागलेलं आहे त्याला. आमच्या संहितेत क्लोनचं एक वाक्य आहे, "चाळीतला माझा माळा अजून आहे का गं?" मशीनने पहिल्यांदा जे वाचलं त्यात ळ चा ल झाला होता आणि चाळीतला च 'चिमणी'तल्या च सारखा, 'माझा'तला झ 'माझी'तल्या झ सारखा. एका वाक्यात लालबागची बाई गेली आणि कुठलीतरी भलतीच आली. दुसरं म्हणजे 'केलं', 'झालं', 'साठवलेलं' यावरच्या अनुस्वाराला मशीन खरंच म् म्हणतं, केलम्, झालम्, ऐकायला इतकं विचित्र वाटतं की दुःखाच्या प्रसंगात लोक हसतील. त्या मुलाने उपाय काढले, अनुस्वार काढून पुढे अवग्रह टाकायचा, 'केलऽ', मग बरंच बरोबर येतं, आणि ळ साठी वाक्य तोडून वेगळं बनवून जोडायचं. झ चं काही केल्या जमलं नाही. जाताना संहितेची प्रिंट न्या आणि त्यावर उच्चाराच्या खुणा आधीच करून न्या, वेळ वाचेल.

शेवटी त्यानेच सुचवलं की टाइप करून वाचून घेऊच नका, कुणीतरी माणूस हे संवाद अभिनयासकट बोलू दे आणि त्याच्या आवाजावर मावशींचा आवाज चढवू. म्हणजे बोलणाऱ्याची लय, श्वास, थांबणं, हेल सगळं तसंच राहतं, फक्त आवाजाचा पोत बदलतो. आम्हाला वाटलं त्यासाठी बाईच हवी, तर म्हणे असं काही नाही, मीच बोलतो. आणि बूथमध्ये जाऊन त्याने "चाळीतला माझा माळा" जे म्हटलं ना! स्वतःच्या आजीला आठवून म्हटलं म्हणे. दोन मिनिटांत तेच वाक्य मावशींच्या आवाजात स्पीकरमधून आलं, ळ बरोबर, झ बरोबर, आणि 'का गं'च्या आधी जो एक श्वास अडकतो तो सुद्धा. आमची दिग्दर्शिका रडायला लागली. मावशी म्हणाल्या, "आवाज माझा आहे, पण हे बोलणं माझं नाही, मी 'अजून'वर जोर दिला असता." बरोबर होतं त्यांचं. जे आम्ही ऐकत होतो ते काम त्या मुलाचं होतं, आजी त्याची होती, आणि वरून कातडं मावशींचं. मी हे आधी कुठे वाचलं नव्हतं की गाजावाजा होतो त्या क्लोनमागे असा एखादा बिननावाचा माणूस बूथमध्ये उभा असू शकतो. आम्ही ठरवलंय की ब्रोशरवर 'क्लोनचा अभिनय' म्हणून त्याचं नाव आणि 'क्लोनचा आवाज' म्हणून मावशींचं नाव, दोन्ही एकाच आकारात छापायचं.

आणि मग ती घटना झाली जिच्यामुळे मी एवढं लांबलचक लिहितेय. मॉडेल तयार झालंय हे दाखवायला मालक स्वतः आले आणि त्यांनी पटकन एक वाक्य टाइप केलं, गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात, "मी गेली वीस वर्षं हेच वापरते, तुम्हीही वापरून बघा". मावशींचा आवाज, हसरा, आर्जवी, कुठेही अडखळणं नाही, आणि साधी वाक्यं असल्यामुळे उच्चारही बऱ्यापैकी नीट. सगळ्यांनी वा वा केलं. मावशींनी हेडफोन काढून ठेवला.

"हे काढून टाका."

मालक म्हणाले, अहो मावशी, डेमो आहे फक्त, कुठे जाणार नाहीये.

"डेमो असू दे. तोंड माझं आहे ना? मी नाटकाचे पैसे घेतले, वस्तू विकायला आवाज दिला नाही कधी. मागायला आले होते तेव्हाही नाही दिला, घरात पैसे नव्हते तेव्हाही नाही. आणि ही बया लगेच बोलली."

कुणी काही बोललं नाही. त्या मुलाने मालकांकडे बघितलंही नाही, फाईल काढली, कचऱ्याच्या फोल्डरमधून पण काढली, मावशींना स्क्रीन दाखवली. मालकही नंतर "सॉरी मावशी" म्हणाले आणि मनापासून म्हणाले.

मी घरी येऊन एकांकिकेचा शेवट पुन्हा लिहिला. आधी माझ्या संहितेत मुलगी क्लोनला आईच्या आठवणी विचारते, लहानपणीचं गाणं, चाळीतला माळा, आणि कुठेतरी तो चुकतो मग तिला कळतं की ही आई नाही. असा शेवट खूप जणांनी केलाय आणि तो खोटाही आहे, कारण आठवणी सगळ्या भरून ठेवता येतील, काही चुकणार नाही. आता मुलगी त्याला काहीच विचारत नाही. ती त्याला एक वाक्य बोलायला सांगते, जे तिच्या आईने आयुष्यभर बोलायला नकार दिला होता, आणि क्लोन ते बोलतो, लगेच, गोड आवाजात, पुन्हा सांगितलं तर पुन्हा बोलतो. मुलगी उठते. माणूस ओळखायचा तो त्याने काय काय केलं यावरून जितका, तितकाच कशाला नाही म्हटलं यावरून, हे मला मावशींमुळे कळलं आणि सेलिब्रिटीच्या बाबतीत तर ते शंभर टक्के खरं आहे, कारण त्यांच्यासमोर रोज कुणीतरी पैसे घेऊन उभं असतं. लोकांना आवडतो तो चेहरा, पण तो चेहरा तसा राहिला कारण त्या माणसाने कितीतरी रोल, कितीतरी जाहिराती, कितीतरी वाक्यं परत पाठवली. क्लोनमध्ये ते परत पाठवणं उतरत नाही, नाही म्हणायची चावी ज्याच्याकडे फाईल त्याच्याकडे जाते.

म्हणून कन्सेंट फॉर्म, म्हणजे आवाज वापरायला दिलेलं संमतीपत्र, नीट वाचा, माझी हात जोडून विनंती आहे. यांचा फॉर्म फक्त इंग्रजीत होता आणि त्यात आवाज 'कुठल्याही माध्यमात, कुठल्याही कामासाठी, कायमचा' वापरायची मुभा लिहिलेली. मावशींना इंग्रजी वाचता येतं थोडं, पण असल्या भाषेतलं नाही. आमच्या ग्रुपमधल्या एकीचा नवरा वकील आहे, त्याला फोटो पाठवून आम्ही चार ओळी बदलून घेतल्या: फक्त या एकांकिकेचे संवाद, फक्त या एकांकिकेचे प्रयोग, शेवटच्या प्रयोगानंतर मॉडेल आणि मूळ रेकॉर्डिंग दोन्ही डिलीट, आणि संहितेबाहेरचं एक वाक्यही मावशींना विचारल्याशिवाय नाही. आणि खाली मराठीत लिहून मावशींची सही. स्टुडिओने खळखळ न करता मान्य केलं हे त्यांच्या बाजूने लिहायला हवं. २०२३ मध्ये हॉलिवूडचे नट ११८ दिवस संपावर होते, त्यांच्या मागण्यांमध्ये डिजिटल प्रतिकृतीसाठी संमती आणि मोबदला हा एक मोठा मुद्दा होता. तिथे युनियन होती. आपल्याकडच्या हौशी कलाकाराला, डबिंगला जाणाऱ्या पोरापोरींना फॉर्म समोर ठेवला की सही कर म्हणतात, मागे रांग असते.

आणि गेलेल्या माणसांचं तर अजून अवघड आहे. सुशांत सिंग राजपूतच्या वडिलांनी सिनेमाविरुद्ध केस केली होती त्यात दिल्ली हायकोर्टाने २०२३ मध्ये म्हटलं की असे व्यक्तिमत्त्वाचे हक्क माणसाबरोबर संपतात, वारसांकडे जात नाहीत. म्हणजे माझ्या एकांकिकेतल्या नटीची मुलगी कोर्टात गेली असती तरी तिला हेच ऐकायला मिळालं असतं, मी संहितेत तो संदर्भ घातलाय. मग उरते ती फक्त करणाऱ्याची नियत. ए. आर. रहमानने २०२४ च्या एका तमिळ सिनेमाच्या गाण्यात बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दोन दिवंगत गायकांचे आवाज एआयने वापरले तेव्हा घरच्यांची परवानगी घेतली आणि पैसे दिले, तसं त्याने जाहीरही केलं. तेवढ्याने सगळे प्रश्न सुटतात असं मला वाटत नाही, कारण ते दोघं स्वतः हो म्हणाले असते का हे घरचेही अंदाजानेच सांगणार, पण निदान कुणाला तरी विचारलं, नाव लिहिलं. फोल्डरमधल्या दिवंगतांना तेवढंही मिळत नाहीये.

तर घ्यायचं का? ज्याचा आवाज आहे तो माणूस तुमच्यासोबत येऊन बूथमध्ये बसणार असेल, आणि संवाद बोलायला चांगला नट असेल, तर नक्की घ्या, आवाजाचा दर्जा मी ऐकलेल्यात सगळ्यात चांगला आहे, तालमीच्या हॉलमधल्या खराब स्पीकरवरही मावशी वाटतात, आमच्या लाईटवाल्याने दोनदा मागे वळून बघितलं. नुसतं टाइप करून मराठी हवं असेल तर अजून थांबा. फाईल वेव्हमध्येच मागून घ्या, ते आपणहून एमपीथ्री देतात आणि हॉलमध्ये ती पातळ वाटते. संध्याकाळपेक्षा सकाळची वेळ घ्या, मुलगा ताजातवाना असतो आणि मालक नसतात. ऑफिसला जाणाऱ्यांसाठी रविवारी दुपारपर्यंत उघडं आहे.

स्टार पाचपैकी तीन देतेय. साउंडच्या मुलाचं एकट्याचं काम पाचाचं आहे आणि फॉर्म बदलून दिला म्हणून मालकांबद्दलही माझ्या मनात आदर आहे, पण तो फोल्डर अजून लॅपटॉपवर आहे, मी फोन करून विचारलं होतं, "बघू ताई" म्हणाले. काढला असं कळलं की इथे येऊन चार करेन.